पुनर्जन्म होतो म्हणता, मग श्राद्ध कोणाचं? वेगवेगळ्या धर्मांत काय सांगितलंय?

मोगरी

मंडळी, एक प्रश्न बरेच महिने डोक्यात आहे आणि घरात कोणाला विचारला की विषय बदलतात, म्हणून इथे धागा काढतेय.

आपण एकीकडे म्हणतो आत्मा जुने कपडे टाकून नवे घालतो तसं शरीर बदलतो, गीतेचा दुसरा अध्याय सगळ्यांना पाठ असतो. बृहदारण्यकात तर गवतावरच्या अळीसारखा दाखला आहे, ती पुढच्या पात्याला धरल्याशिवाय आधीचं पातं सोडत नाही, म्हणजे मधे गॅपच नाही. दुसरीकडे गरुडपुराण सांगतं की दहा दिवसांच्या पिंडांनी प्रेताला देह मिळतो, बाराव्याला सपिंडीकरण म्हणजे प्रेताला पितरांत मिळवणं, मग वर्षभर यममार्गावरचा प्रवास. आणि तिसरीकडे दर भाद्रपदात आपण तीन पिढ्यांना जेवायला बोलावतो. आता आत्मा लगेच दुसरीकडे जन्माला आला असेल तर पितृलोकात कोण बसलंय? आणि पितृलोकात असेल तर जन्म कोणाचा झाला?

आई गेली त्याला आता वर्ष होईल. दहाव्याला रामकुंडावर कावळा शिवेना तेव्हा मामा हात जोडून उभे राहिले आणि एकेक वचन द्यायला लागले, अमक्याचं शिक्षण बघू, तमकीचं लग्न लावू, आणि मी त्या क्षणी खरंच मनापासून वाट बघत होते की आई येईल. त्यामुळे हे सगळं थोतांड आहे असं मला म्हणायचं नाहीये. मला समजून घ्यायचंय. आणि फक्त हिंदूंचं नाही, बाकी धर्मांत गेलेल्या माणसाचं पुढे काय होतं असं मानतात, आणि मागे राहिलेल्यांनी काही केलं तर ते त्याला पोचतं का, हे त्या त्या घरातल्या लोकांकडून वाचायला आवडेल.

प्रश्नचिन्ह

चांगला धागा. याचं उत्तर बरंचसं इतिहासात आहे असं मला वाटतं. ऋग्वेदात पुनर्जन्म स्पष्ट असा कुठे सापडत नाही, तिथे मेलेला माणूस यमाकडे, पितरांकडे जातो, दहाव्या मंडळात यमाची आणि पितरांची सूक्तं आहेत. मग ब्राह्मणग्रंथांत भीती दिसते की तिकडे गेल्यावर तिथेही परत मरण आलं तर काय, त्याला पुनर्मृत्यू म्हणतात. आणि उपनिषदांत येईपर्यंत कर्माप्रमाणे पुन्हा जन्म हा विचार येतो. बृहदारण्यकात आर्तभाग याज्ञवल्क्यांना विचारतो की माणूस मेल्यावर त्याची वाणी अग्नीत जाते, प्राण वाऱ्यात जातो, मग तो माणूस कुठे असतो? तर याज्ञवल्क्य म्हणतात हे चारचौघांत बोलायचं नाही, त्याचा हात धरून बाजूला नेतात आणि दोघं कर्माबद्दल बोलतात. म्हणजे तेव्हा हा विचार नवा होता, जपून बोलायचा होता.

तर पितर आधीचे, पुनर्जन्म नंतरचा. नवं आलं तरी जुनं कोणी टाकलं नाही, दोन्ही चालू राहिलं. छांदोग्यात दोन्ही जोडायचा प्रयत्न आहे, पितृयानाने गेलेला धूर, रात्र असं करत चंद्रापर्यंत जातो, तिथलं पुण्य संपलं की पाऊस होऊन खाली येतो, धान्यात जातो, अन्नातून बापाच्या शरीरात आणि मग जन्म.

बाकी तुमचा प्रश्न फार जुना आहे ताई. चार्वाकांनी विचारलाय, सर्वदर्शनसंग्रहात दिलंय, की श्राद्धाने मेलेल्याची भूक भागत असेल तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला द्यायची, घरीच कोणाला तरी वाढा की. मला हा युक्तिवाद आजही बिनतोड वाटतो.

गोदाकाठ

@मोगरी ताई, याला परंपरेत उत्तर आहे. श्राद्धात वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप आणि पणजोबा आदित्यरूप असं म्हणूनच आवाहन करतात, अमुकशर्मणः वसुरूपस्य वगैरे संकल्पात ऐकलं असेल. म्हणजे अन्न थेट त्या व्यक्तीला पोचवायचं नसतं, या देवता ते स्वीकारतात आणि तो जीव जिथे असेल तिथे त्याला योग्य रूपात पोचवतात. मत्स्यपुराणात सांगितलंय की तो देव झाला असेल तर ते अन्न अमृत होऊन मिळतं, पशू झाला असेल तर गवत होऊन मिळतं. म्हणजे जन्म झालेला असला तरी श्राद्ध वाया जात नाही.

चार्वाकाच्या शिदोरीचं म्हणाल तर तो देह असलेल्या माणसाची गोष्ट करतोय, त्याला नाव-गोत्र उच्चारून देवतांच्या हातून पाठवायची गरजच नसते. आणि कावळ्यासमोर दिलेली वचनं... मी अशी कितीतरी बघितलीत, आणि लोक ती पाळतात. भांडण असलेले भाऊ तिथे बोलायला लागतात.

कृष्णाकाठ

आम्ही सांगली भागातले दिगंबर जैन. आमच्याकडे श्राद्ध, पिंड, कावळा काहीच नाही. कारण सिद्धांतातच बसत नाही.

तत्त्वार्थसूत्रात दुसऱ्या अध्यायात विग्रहगती सांगितलीय. जीव देह सोडतो आणि पुढच्या जन्माच्या जागी एका समयात पोचतो, वाटेत वळणं असली तर फार तर तीन-चार समय. आणि समय म्हणजे काळाचा ज्याचे तुकडे होत नाहीत इतका लहान भाग, डोळ्याची पापणी लवते त्यात असंख्य समय जातात. म्हणजे आपण रडायला सुरुवात करायच्या आत तो जीव दुसरीकडे गेलेला असतो. मग तेरा दिवस कोणाची वाट बघायची?

दुसरं म्हणजे आमच्याकडे कर्म ही नुसती कल्पना नाही, ते पुद्गल आहे, सूक्ष्म द्रव्य, ते जीवाला चिकटतं. ज्याचं त्याला चिकटतं आणि ज्याचं त्यालाच झाडून टाकावं लागतं, त्याला निर्जरा म्हणतात. माझं पुण्य माझ्या वडिलांना ट्रान्सफर होत नाही. तीर्थंकरसुद्धा तुमचं कर्म काढून घेत नाहीत, ते फक्त वाट दाखवतात. सगळं कर्म गेलं की जीव आपोआप वर जातो, लोकाच्या माथ्यावर सिद्धशिलेच्या वर जाऊन राहतो, प्रत्येक जीव वेगळा, कोणात विलीन वगैरे होत नाही.

मोगरी

@कृष्णाकाठ धन्यवाद, हे मला अजिबात माहीत नव्हतं. पण मग गेलेल्या माणसासाठी तुम्ही काहीच करत नाही? मन कसं मानतं?

कृष्णाकाठ

करतो ना, पण मरायच्या आधी! आमचा सगळा भर तिथे आहे. माणूस शेवटच्या अवस्थेत असला की घरातले भोवती बसून णमोकार मंत्र म्हणतात, त्याला कषाय, म्हणजे राग-लोभासारखे विकार, कमी करायला, सगळ्यांना क्षमा करायला सांगतात. मनाचे भाव शांत असताना देह सुटला पाहिजे. त्याचंच पूर्ण रूप म्हणजे सल्लेखना, श्वेतांबरांत संथारा म्हणतात. राजस्थान हायकोर्टाने ऑगस्ट २०१५ मध्ये संथाऱ्याला आत्महत्या ठरवलं होतं, तेव्हा समाज किती अस्वस्थ झाला ते मी पाहिलंय, त्याच महिन्याच्या शेवटी सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली. आत्महत्येत आवेग असतो, राग असतो, इथे उलट सगळं सोडत जायचं असतं, आहार एकेक कमी करत, गुरूंच्या परवानगीने. माझ्या आजीने घेतली होती. शेवटपर्यंत शुद्धीवर होती.

गेल्यानंतर दान करतो, विधान म्हणजे मोठी पूजा करतो, पण त्याचं पुण्य करणाऱ्याला. तिच्यासाठी जे करायचं ते तिच्या कानात म्हणून झालेलं होतं.

आणखी एक, आमच्या मते या पंचमकाळात, म्हणजे सध्याच्या पडत्या काळात, इथून, म्हणजे भरतक्षेत्रातून, कोणाला थेट मोक्ष नाही. इथून मोक्षाला गेलेले जंबूस्वामी शेवटचे. आता इथे चांगलं वागून पुढच्या जन्मांची तयारी करायची एवढंच.

निंबोणी

@कृष्णाकाठ एक विचारू? दिगंबर मतात बाईला बाईच्या जन्मात मोक्ष नाही हे खरं ना? मला ते वाचून फार लागलं होतं.

कृष्णाकाठ

हो, दिगंबर मत तसंच आहे, पूर्ण निर्ग्रंथ म्हणजे वस्त्रत्याग केल्याशिवाय मोक्ष नाही आणि तो स्त्रीला सांगितलेला नाही, म्हणून पुरुषजन्म घेऊन मग. श्वेतांबर हे मानत नाहीत, त्यांच्या मते एकोणिसावे तीर्थंकर मल्ली या स्त्रीच होत्या, आम्ही मल्लिनाथ म्हणतो आणि पुरुष मानतो. शतकानुशतकं दोन्ही बाजूंनी यावर ग्रंथ लिहिले गेलेत. माझ्या मुलीला मी काय सांगू हा प्रश्न मलाही आहे, मी तिला सांगतो की आत्म्याला लिंग नसतं हे दोन्ही संप्रदायांना मान्य आहे, तिथून पुढे तू वाच.

उमरेड रोड

नागपूरहून. या बाबतीत थेरीगाथा वाचा @निंबोणी ताई, त्यात अर्हत म्हणजे मुक्त झालेल्या भिक्खुणींचे स्वतःचे उद्गार आहेत. सोमा थेरीला मार, म्हणजे साधकांना भुलवणारा तो, म्हणतो की बाईच्या दोन बोटांच्या बुद्धीला ते पद कसं मिळणार, तर ती म्हणते चित्त एकाग्र झालं, ज्ञान होतंय, तिथे बाईपणाचा काय संबंध?

आता मूळ प्रश्न. आमच्याकडे १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यात श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही अशी सरळ प्रतिज्ञा आहे. त्यामुळे घरात कोणी गेलं की आम्ही पुण्यानुमोदन करतो, त्रिशरण पंचशील होतं, भंतेजी किंवा बौद्धाचार्य येतात, गेलेल्या माणसाच्या चांगल्या कामांबद्दल लोक बोलतात, कोणी वाचनालयाला पुस्तकं देतं.

पुनर्जन्माचं म्हणाल तर 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी हा प्रश्न समोरासमोर घेतलाय. बुद्ध आत्मा मानत नाहीत पण पुनर्भव मानतात, हे कसं? त्यांनी मांडलं की पृथ्वी, आप, तेज, वायू ही जी चार महाभूतं देहात एकत्र येतात ती मृत्यूनंतर आपापल्या साठ्यात परत जातात आणि पुन्हा एकत्र येऊ शकतात. मागच्या जन्माच्या कर्मामुळे तू या जातीत जन्मलास हा विचार त्यांनी ठाम नाकारला, कारण तो मान्य केला की माणसाच्या हालाला समाज जबाबदारच राहत नाही. माझ्या आजोबांनी त्या दिवशी दीक्षा घेतली, आणि शेवटच्या प्रतिज्ञांमध्ये एक आहे की आज माझा नवा जन्म होत आहे असं मी मानतो. आजोबांना पुनर्जन्माबद्दल विचारलं की ते हेच सांगायचे, माझा झालाय, मरायच्या आधी झालाय.

प्रश्नचिन्ह

@उमरेड रोड, बाबासाहेबांची मांडणी समजते. पण जुन्या पाली ग्रंथांत तर जन्मांच्या कथा भरलेल्या आहेत. आत्मा नसेल तर पुढे जातं कोण?

उमरेड रोड

हाच प्रश्न मिलिंद राजाने नागसेन नावाच्या भिक्खूला विचारलाय. नागसेन म्हणतो एका दिव्यावरून दुसरा दिवा लावला तर पहिल्यातून उठून काही दुसऱ्यात गेलं का? गेलं नाही, पण दुसरा पहिल्याशिवाय लागलाही नसता. मग राजा म्हणतो तर माणूस कर्मातून सुटला की, करणारा वेगळा आणि भोगणारा वेगळा. त्यावर आंब्याचं उदाहरण आहे. चोर म्हणाला मी चोरले ते आंबे मालकाने लावलेच नव्हते, त्याने जमिनीत लावले ते वेगळे, हे झाडाला लागले ते वेगळे. राजा म्हणतो तरी त्याला शिक्षा होणार, कारण हे त्याच्यातूनच आले. 'तोच नाही आणि वेगळाही नाही' असं त्याचं उत्तर आहे.

मात्र सगळे बौद्ध एकाच मताचे नाहीत. थेरवादात च्युती म्हणजे मृत्यू झाला की लगेच पुढचं चित्त, मधे अवस्था नाही. तिबेटी परंपरेत मधली अवस्था मानतात, बार्दो, जास्तीत जास्त एकोणपन्नास दिवसांची, त्या काळात लामा मृताला उद्देशून वाचन करतात.

आणि मोगरी ताई, तुमचा अगदी नेमका प्रश्न बुद्धांना विचारला गेलाय! अंगुत्तर निकायात जाणुस्सोणी नावाचा ब्राह्मण येतो आणि विचारतो की आम्ही श्राद्ध घालतो, म्हणतो हे आमच्या गेलेल्या नातेवाइकांना मिळो, तर मिळतं का? बुद्ध म्हणतात, तो नरकात, पशुयोनीत, माणसात किंवा देवांत जन्मला असेल तर तिथे त्याला त्याचा त्याचा आहार आहे, हे पोचणार नाही. फक्त प्रेतलोकात असेल तर पोचतं. मग तो विचारतो तो नातेवाईक तिथे नसेल तर? तर म्हणतात तिथे दुसरे कोणी नातेवाईक असतील, इतक्या जन्मांच्या साखळीत तुझं कोणीच तिथे नाही असं होणं शक्य नाही, आणि देणाऱ्याला फळ मिळतंच. प्रतिज्ञेप्रमाणे मी श्राद्ध करत नाही आणि करणार नाही, पण हा संवाद मला फार प्रामाणिक वाटतो.

वसईचा वारा

आमच्याकडे पुनर्जन्म नाही. माणूस एकदाच मरतो आणि मग न्याय, असं इब्री लोकांस पत्रात स्पष्ट आहे. पण 'मागे राहिलेल्यांनी केलेलं पोचतं का' याला आम्हा कॅथलिकांचं उत्तर हो असं आहे. जो देवाच्या कृपेत मेला पण पूर्ण शुद्ध झालेला नाही त्याचा आत्मा शुद्धीस्थानात असतो, आणि त्याच्यासाठी प्रार्थना करता येते, मिस्सा अर्पण करता येते. २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस असतो, वसईतल्या गावांमधली दफनभूमी त्या संध्याकाळी मेणबत्त्यांनी आणि फुलांनी भरून जाते, मुंबईला गेलेले लोक त्या दिवशी मुद्दाम गावी येतात. मी लहानपणापासून आजोबांच्या कबरीवरचं गवत काढायचं काम करतोय.

आणि शेवटी नुसता आत्मा नाही, देहाचंही पुनरुत्थान होणार असं आम्ही दर रविवारी म्हणतो. त्यामुळेच चर्चने दहनाला बराच काळ मनाई केली होती, ती १९६३ मध्ये उठवली, दफन करावं असंच अजून सांगतात.

मला @उमरेड रोड यांच्या मुद्द्यावरून योहानाच्या शुभवर्तमानातला प्रसंग आठवला. जन्मांध माणूस दिसतो आणि शिष्य येशूला विचारतात पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो याने नाही आणि याच्या आईबापांनीही नाही, आणि त्याला बरं करतो. आमच्या घरात अपंग मूल आहे, त्यामुळे हे वाक्य माझ्यासाठी काय आहे ते सांगता येणार नाही. मागच्या जन्मीचं काहीतरी असेल असं आम्हाला लोकांनी चांगल्या मनाने म्हटलंय, पण ते ऐकून घरी आल्यावर बायको रात्रभर झोपलेली नसते.

गोदाकाठ

@वसईचा वारा, तुमच्या घराला नमस्कार. कर्माचा सिद्धांत स्वतःच्या दुःखाकडे बघण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या दुःखाचा हिशोब मांडायला नाही असं आमचे गुरुजी कायम सांगायचे. तुम्हाला असं बोलणाऱ्यांनी तो फार वाईट वापरला.

नगरवाली

आम्हीही ख्रिस्ती पण प्रोटेस्टंट, अहमदनगरच्या जुन्या मिशनच्या काळापासूनचं घर. आमच्यात शुद्धीस्थान नाही आणि मृतांसाठी प्रार्थनाही नाही. १५१७ मध्ये ल्यूथरने जे प्रबंध मांडले त्यातला मोठा भाग याच व्यवहाराबद्दल होता, पैसे भरून आत्म्याची शिक्षा कमी करून घ्यायची म्हणजे काय. आमचं म्हणणं, तारण देवाच्या कृपेने विश्वासाद्वारे मिळतं, माणूस गेला की तो देवाच्या हातात, आपण त्यात भर घालू शकत नाही. स्मरणभक्ती होते ती मागे राहिलेल्यांच्या सांत्वनासाठी. म्हणजे बघा, @कृष्णाकाठ आणि आम्ही एका मुद्द्यावर एकत्र आलो, गेल्यावर काही करता येत नाही, पण कारणं पूर्ण उलटी. त्यांच्याकडे सगळं ज्याचं त्याने करायचं, आमच्याकडे माणसाच्या करण्याने काहीच होत नाही.

मिरजेचा तंबोरा

इस्लाममध्येही एकच आयुष्य. मृत्यूनंतर बरज़ख म्हणजे मधली अवस्था, कबरीत मुनकर-नकीर हे फरिश्ते सवाल विचारतात, मग कयामतच्या दिवशी सगळे उठवले जाणार, हिशोब, जन्नत नाहीतर जहन्नम. मरताना माणसाचं कर्माचं खातं बंद होतं, पण तीन गोष्टी चालू राहतात अशी हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे. सदका-ए-जारिया म्हणजे असं दान जे लोकांच्या उपयोगी पडत राहतं, विहीर, झाड, शाळा. दुसरं त्याने शिकवलेलं इल्म, म्हणजे ज्ञान. तिसरं त्याच्यासाठी दुआ करणारी नेक औलाद. माझे अब्बा गाणं शिकवायचे नाहीत पण तंबोरे लावायला शिकवायचे, त्यांच्याकडे शिकलेला कोणी भेटला की मला ही हदीस आठवते.

फातिहा, चाळीसावा, शब-ए-बरातला कब्रस्तानात जाणं यावर आमच्यातही वाद आहेत, बरेलवी घरांत ईसाले सवाब, म्हणजे मृताला पुण्य पोचवणं, मोठ्या श्रद्धेने करतात आणि अहले हदीसवाले म्हणतात दुआ आणि सदका ठीक, बाकीच्या तारखा-रिवाज दीनमध्ये नाहीत. आम्ही करतो.

पुनर्जन्माला अरबीत तनासुख म्हणतात आणि बहुतेक सगळ्या उलमांनी तो नाकारलाय, पण लेबनॉन-सीरियाकडचे द्रूज लोक, जे अकराव्या शतकात इस्माइली शियांमधून निघाले, ते मानतात. त्यांच्यात माणूस गेला की त्याच क्षणी दुसऱ्या माणसाच्याच बाळात जन्म, पशू वगैरे नाही. मधे क्षणाचाही वेळ नाही, जैनांच्या जवळच की!

रेवदंडा

आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू घरांत वडील गेले की मुलगा अकरा महिने कद्दीश ही प्रार्थना म्हणतो. मोठे लोक सांगायचे की वाइटातल्या वाईट माणसाला गेहिन्नोममध्ये, म्हणजे नरकात, बारा महिने, म्हणून बारा पूर्ण म्हणायचं नाही, आपला बाप तसा नव्हता हे दाखवायला एक महिना कमी. मला यात केवढी माया दिसते. आणि कद्दीशमध्ये मृत्यूचा उल्लेखच नाही, सगळी देवाची स्तुती आहे.

ज्यूंमध्ये पुनर्जन्मही आहे बरं का, गिलगुल म्हणतात. दहाव्या शतकात सादिया गाओनने त्यावर कडक टीका केली होती, पण सोळाव्या शतकात सफेद गावच्या आयझॅक लुरियाच्या कब्बालामध्ये, म्हणजे ज्यू गूढविद्येत, तो विचार फार मोठा झाला. आमच्या कोकणातल्या घरांत मात्र कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

ग्रँटरोडकर

पारशी शेजाऱ्यांसोबत वाढलोय म्हणून लिहितो. त्यांच्यात आत्मा तीन रात्री देहाजवळ असतो आणि चौथ्या दिवशी पहाटे चिन्वत पुलावर जातो. तिथे स्वतःची दएना, म्हणजे अंतरात्मा, भेटते, चांगलं जगला असेल तर सुंदर तरुणीच्या रूपात, ती सांगते मी तुझेच विचार, तुझेच शब्द, तुझीच कृत्यं. पूल चांगल्यासाठी रुंद होतो आणि वाइटासाठी धारेसारखा अरुंद. म्हणून ते पहिले चार दिवस प्रार्थना करतात, आत्म्याला त्या वेळी साथ हवी म्हणून. मग वर्षाच्या शेवटी ऑगस्टमध्ये मुक्तादचे दिवस, फ्रवशी म्हणजे गेलेल्यांचे आत्मे घरी येतात, अगियारीत चांदीच्या फुलदाण्यांत रोज ताजी फुलं. आपल्या पितृपक्षाच्या अगदी आसपास येतं हे.

मला सगळ्यात भावतं ते त्यांचं शेवटचं चित्र. काळाच्या अखेरीस वितळलेल्या धातूच्या नदीतून सगळ्यांनाच जावं लागणार, चांगल्यांना ती कोमट दुधासारखी वाटेल आणि वाइटांची घाण जळून जाईल, आणि मग तेही शुद्ध. नरक कायमचा नाही. पुनर्जन्म मूळ धर्मात नाही, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुरतच्या बेहरामशाह श्रॉफ यांनी सुरू केलेल्या इल्मे क्षनूम पंथातले लोक मानतात.

नांदेडकर

शिखांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. गुरू नानकांची साखी म्हणजे गोष्ट प्रसिद्ध आहे, हरिद्वारला लोक पितरांसाठी पूर्वेकडे पाणी देत होते, नानकांनी पश्चिमेकडे द्यायला सुरुवात केली, लोकांनी विचारलं तर म्हणाले पंजाबातल्या माझ्या शेताला देतोय, तुमचं पाणी परलोकात पोचतं तर माझं इतक्या जवळ का नाही पोचणार. वर @प्रश्नचिन्ह यांनी चार्वाकाची शिदोरी सांगितली त्याचाच जोडीदार. पण नानक नास्तिक नव्हते. आवागमन, चौऱ्यांशी लाख योनी सगळं मानतात, फक्त सुटका नामाने आणि वाहेगुरूच्या नदरेने, म्हणजे कृपादृष्टीने.

गुरू ग्रंथ साहिबमध्ये आपल्या नामदेवांची पदं आहेत हे सगळ्यांना माहीत असतं, पण भगत त्रिलोचनांचीही आहेत, आणि परंपरेने त्यांना बार्शीचे मानतात. त्यांचं गुजरी रागातलं पद आहे, अंतकाळी जो पैसा आठवेल तो सापाच्या योनीत जाईल, मुलांची चिंता करेल तो डुकराच्या, घरदार-माड्या आठवेल तो भूत होईल, आणि नारायण आठवेल तो मुक्त. गीतेच्या आठव्या अध्यायातलं 'यं यं वापि स्मरन्भावं' आहे ना, तेच गावातल्या माणसाला समजेल असं. आणि हे जैनांच्या शेवटच्या णमोकाराजवळही जातंच.

मन्मथ

लातूरकडचे आम्ही लिंगायत. सुतक नाही, श्राद्ध नाही, दहन नाही. बसलेल्या अवस्थेत, हातात इष्टलिंग ठेवून पुरतात. गेला म्हणत नाहीत, लिंगैक्य झाला म्हणतात. इष्टलिंग धारण केलेल्याला पुढचा जन्म नाही अशी श्रद्धा, त्यामुळे पितर म्हणून कोणी मागे राहतच नाही.

मोगरी

सगळ्यांचं वाचून काढलं, काही दोनदा. मला आता असं दिसतंय की एक जन्म की अनेक जन्म यापेक्षा मोठी फट दुसरीकडेच आहे, सुटका स्वतःच्या बळावर की कोणाच्या कृपेने. जैन आणि थेरवादी बौद्ध एका बाजूला. शीख, प्रोटेस्टंट, आपले भक्तिमार्गी दुसऱ्या बाजूला, जन्माबद्दलचं मत वेगळं असूनही. आणि मुक्तीनंतर काय हे तर आपल्या आपल्यातही एक नाही, अद्वैतात वेगळेपणच संपतं, जिवंतपणी मुक्त होता येतं, रामानुजांच्या मते देह पडल्यावर वैकुंठात सेवा, आणि मध्वाचार्य तर म्हणतात काही जीव कधीच मुक्त होणार नाहीत. हे शेवटचं मला अजिबात पटत नाही.

वारकरी कोणी असेल तर लिहा ना.

साधा वारकरी

ताई, समर्थांनी दासबोधात चार मुक्ती सांगितल्यात, सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता, आणि पहिल्या तीन नाशवंत, एक सायुज्यताच टिकणारी असा निवाडा केलाय. माउली हरिपाठात म्हणतात देवाच्या दारात क्षणभर उभं राहिलं की चारही साधल्या. म्हणजे मुक्ती स्वस्त करून टाकली.

आणि तुकोबा तर ती घ्यायलाच तयार नाहीत. 'हेंचि दान देगा देवा' आपण आरतीनंतर पटापट म्हणून टाकतो पण काय मागितलंय बघा, मुक्ती नको, धन नको, संतांची संगत दे, आणि शेवटी 'तुका म्हणे गर्भवासी, सुखें घालावें आम्हासी'. ज्या गर्भवासातून सुटायला जगातले साधक देह झिजवतात तिथे हा माणूस सुखाने परत घाल म्हणतो. मी वारीला जातो तेव्हा दिंडीत हे म्हणताना अंगावर काटा येतो.

श्राद्धाबद्दल नाथांची गोष्ट पैठणला सगळे सांगतात. श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता, बाहेर भुकेले अस्पृश्य उभे होते, वास येतो म्हणाले, नाथांनी सगळं त्यांना वाढलं. ब्राह्मणांनी बहिष्कार टाकला तेव्हा पितर स्वतः येऊन जेवले. आमच्या घरी म्हणून पक्षात पानं मांडतो पण जेवायला भुकेला माणूस शोधून आणतो, जात विचारत नाही.

उमरेड रोड

@साधा वारकरी, महायानातल्या बोधिसत्त्वाच्या जवळ आलं हे. तोही निर्वाण हाताशी असताना थांबतो, पुन्हा पुन्हा जन्म घेतो.

साधा वारकरी

जवळ आहे पण एक नाही असं मला वाटतं. बोधिसत्त्व दुसऱ्यांसाठी थांबतो. तुकोबा इथे स्वतःच्या गोडीसाठी मागतायत, भजनाचं सुख सायुज्यतेत मिळत नाही कारण तिथे देव आणि भक्त दोन उरतच नाहीत. दुसऱ्यांसाठीचा कळवळा त्यांच्याकडे आहेच, 'बुडतां हे जन न देखवे डोळां' म्हणतात, पण तो वेगळ्या अभंगात. आणि 'गर्भवासी घाल'च्या आधी 'तुझा विसर न व्हावा' आहे. जन्माची भीती नाही त्यांना, विसराची आहे.

कृष्णाकाठ

आमच्या विचाराने हे मानणं फार अवघड जातं, देवाची गोडी हाही राग म्हणजे आसक्तीच, आणि आसक्ती आहे तोवर बंध आहे. पण अभंग ऐकून डोळ्यांत पाणी येतं हेही खरं, आमच्या गावात वारीच्या दिंडीला जैन वाड्यातून पाणी आणि केळी असतात.

बडोदेकर

तुकोबांच्या मुद्द्यात भर. इथे बडोद्यात मराठी घरांतही नरसिंह मेहता गातात, त्यांचं पद आहे, हरीचे जन मुक्ती मागत नाहीत, जन्मोजन्म अवतार मागतात, नित्य सेवा, नित्य कीर्तन, नंदकुमाराला डोळ्यांनी बघायला. नरसिंह पंधराव्या शतकातले, म्हणजे तुकोबांच्या बरेच आधीचे. आणि बंगालमध्ये चैतन्य महाप्रभूंच्या शिक्षाष्टकातला श्लोक, धन नको, माणसं नकोत, जन्मोजन्मी तुझ्या ठायी अहैतुकी भक्ती असू दे. गुजरात, बंगाल, देहू, तिघांचं मागणं जवळजवळ एकाच शब्दांत आहे. शाळेत आपल्याला चार पुरुषार्थ शिकवतात आणि मोक्ष सगळ्यात वरचा असं सांगतात, पण गौडीय वैष्णव उघड म्हणतात की पाचवा पुरुषार्थ प्रेम, आणि तो मोक्षाच्याही वर.

@मोगरी ताई, मध्वाचार्यांचं तुम्हाला पटलं नाही म्हणालात, त्यावर वेगळा धागा काढा, उडुपीकडचे वाचक आहेत इथे, नित्यसंसारी (कायम फेऱ्यात राहणारे) आणि तमोयोग्य (अंधारातच जाणारे) जीवांबद्दल त्यांच्याकडून ऐकायला मलाही आवडेल.